अण्णाची इंग्रजी शेपटं

४ सप्टेंबर १९५८

अँग्री ऑन! आज पुन्हा अँग्री ऑन! डोकं आपटावंसं वाटलं — माझं नाही, अण्णाचं.

काल घोटून घोटून सांगितलं, माणसावर रागावलं तर 'अँग्री विथ'. मान हलवली, कन्नडात 'सरी' म्हणाला, म्हणजे 'बरं'. आज विचारलं तर थंडपणे 'ऑन'. का? तर, "राग माणसावर असतो ना गं कौशी? वर म्हणजे ऑन." मराठीत वर, कन्नडातही वर, फक्त त्या इंग्रजांचाच राग माणसाच्या सोबत चालतो. त्याला मी काय करू?

ओरडले. लगेच आई आतून, "थोरल्या भावावर ओरडतीस? पाया पड!" आमच्या घरचा कायदाच आहे, थोरल्यावर आवाज चढला की नमस्कार. म्हणजे चुकायचं त्याने, शिकवायचं मी, आणि वाकायचंही मीच!

७ सप्टेंबर

आज जरा डोकं थंड आहे, तर सगळं नीट लिहून काढते.

बाबा गेल्यापासून घर अण्णाच्या पगारावर चालतं. अण्णा सरकारी कचेरीत खालच्या दर्जाचा कारकून. खात्याची परीक्षा पास झाला तर वरची जागा. दोनदा बसला, दोनदा आपटला. हिशेबात पहिला, नियमांत पहिला, आणि इंग्रजीत भोपळा. इंग्रजीत तरी कुठे? त्या एका प्रश्नात. विशेषण देतात, पुढे रिकामी जागा, तिथे ऑफ की विथ की टू ते भरायचं. मी त्यांना शेपटं म्हणते. प्रत्येक विशेषणाला आपापलं शेपूट. कुणाला कुठलं का, ते विचारायचं नाही, पाठ करायचं. अण्णा नेमकं तेच विचारतो.

मी उन्हाळ्यात इंटर झाले. चांगले मार्क पडले. बी.ए.चं काढलं तर आई म्हणाली, "अण्णा वर चढू दे, मग तुझं कॉलेज. नाहीतर होसकोट्याचं स्थळ काय वाईट आहे?" होसकोट्याच्या त्या माणसाला मी एकदा पाहिलंय. बोलताना दात कोरतो.

तेव्हा अण्णा पास तर मी कॉलेजात. अण्णा नापास तर मी होसकोट्याला. असं आहे सगळं.

१२ सप्टेंबर

फॉन्ड विथ. देवा!

१५ सप्टेंबर

आई अण्णाला म्हणाली, "परीक्षा होईस्तवर गरडीत जायचं नाही. कुस्ती पुरे." अण्णा म्हणाला, "सरी." आणि संध्याकाळी अंगाला लाल माती लावून घरी आला! आई बोलबोल बोलली. अण्णाने सगळं ऐकून घेतलं, पुन्हा 'सरी' म्हणाला, उद्या पुन्हा जाईल. लहानपणापासून हेच. भांडण नाही, उत्तर नाही, नुसतं सरी. माझ्याशी भांडला असता तरी बरं वाटलं असतं.

२३ सप्टेंबर

"आमचे सुपरिंटेंडेंटसुद्धा अँग्री ऑनच म्हणतात," म्हणे.

"म्हणून जन्मभर तिथेच बसलेत!" मी म्हटलं.

नमस्कार.

२ ऑक्टोबर

सुट्टी. म्हटलं, आज दिवसभर बसवते. 'गुड अ‍ॅट' झालं, 'अफ्रेड ऑफ' झालं, 'कॅपेबल ऑफ'ही एकदाचं झालं! मी खूश. पुढचं विचारणार, तेवढ्यात हा माझ्याकडे बघतो आणि म्हणतो, "कौशी, भाताला पाणी किती घालतात गं?"

भाताला! इथे माझा जीव टांगणीला, आणि याचं लक्ष चुलीवर! म्हटलं, "आधी 'फॉन्ड'ला काय लागतं ते सांग, मग पाण्याचं बघू." जरा वेळाने, "स्वल्प सांग की." मी पुस्तक मिटून उठलेच. भुकेलेला असेल म्हणून आईने उप्पिट दिलं, तर निमूट खाल्लं. माझा आवाज फार चढला नव्हता, तरी नमस्कार घडलाच.

२० ऑक्टोबर

अष्टमी. परीक्षा चोवीसला! आणि आईने ग्रामर पुस्तक उचलून पूजेत मांडलं!

मी म्हटलं, दुसरं ठेव, भूगोल ठेव. "ज्याची परीक्षा, तेच देवीपुढे," ती म्हणाली. आता दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. पाटावर खापरपणजोबांची गंजकी तलवार, तिच्या शेजारी विळी, अडकित्ता, आईचा लाडका पितळी स्टोव्ह, झेंडूची माळ घालून, अगदी नवरदेव! आणि तलवारीच्या पात्याखाली आमचं ग्रामर. असा अभ्यास बंगळुरात आणखी कुणाच्या घरी होत असेल असं वाटत नाही.

अण्णाला विचारलं, तू तरी बोल. म्हणाला, "आई म्हणते ना, सरी."

२२ ऑक्टोबर

पुस्तक मिळालं. मिळालं कसलं! आईने वर नारळ फोडला होता. पाणी थेट आत. हळद, कुंकू, नारळाचं पाणी, सगळ्याचा लगदा होऊन शेपटांची पानं एकमेकांना चिकटली. सोडवायला गेले तर फाटली. मी रडले. खरंच रडले, अगदी मोठ्याने.

आई म्हणाली, "देवीने प्रसाद दिलाय, रडतीस काय?"

मग पुस्तक बाजूला ठेवलं आणि तोंडीच घेतलं. मला सगळं पाठ आहेच, कधी झालं कोण जाणे. मी विशेषण म्हणायचं, त्याने शेपूट. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत. दोन-तीनच चुकला! मी संशयाने बघितलं. म्हटलं, एवढं येत होतं तर महिनाभर माझं रक्त का आटवलंस?

"तू चिडलीस की नीट लक्षात राहतं," म्हणाला. हसला वर! मेला.

२४ ऑक्टोबर

देऊन आला. "कसा गेला?" "गेला." "अँग्रीचं आलं होतं?" "आलं होतं." "काय लिहिलंस?" तर हा हातपाय धुवायला गेला!

१९ फेब्रुवारी १९५९

पास!! अण्णा पास! इंग्रजीतसुद्धा!

आईने गल्लीभर म्हैसूरपाक वाटला आणि सगळ्यांना सांगितलं, देवीचा प्रसाद. माझं नाव कुणी घेतलं नाही. जाऊ दे. मला कॉलेज मिळालं. मीच आज आपणहून अण्णाच्या पाया पडले, न ओरडता. तो लाजला.

८ मार्च

अण्णाने आज स्टोव्ह पेटवला. भडका उडाला, एक भुवई गेली. विचारलं, कशाला नसते उद्योग? म्हणे, "बघत होतो." वरच्या जागेवर बसायचं आणि एका भुवईने! आईने आधी स्टोव्ह तपासला, मग त्याला.

२५ मे

वरची जागा मिळाली. रायचूरला.

हुकूम वाचून दाखवला त्याने, आणि आई लगेच म्हणाली, "तिथल्या उन्हात पोराला भाकरी कोण घालणार? मी देवघर सोडून जाणार नाही. कौशी जाईल. त्याचं लग्न होईस्तवर एक-दोन वर्षं. कॉलेज काय, पळून जातंय?"

मी अण्णाकडे बघितलं. एवढंच केलं, फक्त बघितलं. फॉर्म आणून ठेवलाय, त्याला माहीत आहे. दसऱ्याला ती फाटकी पानं घेऊन रडले होते, तेही त्याने पाहिलंय.

अण्णा म्हणाला, "सरी."

२६ मे

रात्रभर डोळा लागला नाही. माझ्याच हाताने केलं हे. त्याला नापास होऊ दिलं असतं तर निदान इथेच राहिले असते, होसकोट्याचं पुढचं पुढे. एवढी शेपटं घोकून घेतली त्याच्याकडून, आणि 'नाही' हा एक शब्द शिकवायचा राहिला!

१ जून

आईने माझी ट्रंक भरली. परवाची गाडी. अण्णा समोर बसून शेंगा खात होता. मला राहवलं नाही. आईसमोरच ओरडले, "तू माणूस आहेस की दगड? माझ्यासाठी एकदा तोंड उघडलं असतंस तर जीभ झडली असती का तुझी?"

आई म्हणाली, "पाया पड."

नाही पडले. जन्मात पहिल्यांदा. अण्णा शेंगांची टरफलं गोळा करून उठला.

२ जून

आज सकाळी स्टोव्ह जागेवर नाही. तवा नाही. लहान पातेलं नाही. अण्णा नाही!

माझी ट्रंक तशीच आहे. आई उंबऱ्यावर बसली होती, हातातली रांगोळी तशीच. म्हणाली, सडा घालत होते तर पिशवी घेऊन बाहेर आला. एक दिवस आधीच निघाला. म्हणाला, कौशीला मागनं पाठवलंस तर त्याच गाडीनं परत येईन, नोकरी सोडून. बदली होणार हे त्याला परीक्षेच्या आधीपासून ठाऊक होतं म्हणे.

तिने हातातली रांगोळी उंबऱ्यावर ओढली. मग म्हणाली, "सरी. जा मग कॉलेजात."

भाताला पाणी किती, ते मी त्याला सांगितलंच नाही!