दारातलं कलम कशाने वाळलं

१४ ऑक्टोबर
दारातलं आंब्याचं कलम पूर्वेच्या अंगाने पिवळं पडलंय. मामंजींनी लावलेलं, चाळीस वर्षांचं. हे म्हणतात, "ऊन लागलं असेल." इतकी वर्षं काय सावलीत होतं?
माझा संशय वसंतभावजींवर. सख्खे धाकटे दीर, पण घर कलमाच्या पलीकडे. मे महिन्यातच म्हणाले होते, "वहिनी, हे काढलं तर गाडी थेट आमच्या दारात येईल." मी नाही म्हटलं. त्यानंतर तो विषय काढला नाही. तेच खटकतं.

१९ ऑक्टो.
पिवळं होतं ते वाळलं. खोडाशी उकरून माती हुंगली. रॉकेलचा वास आला. ह्यांना बोलावलं, तर ह्यांना काही वास येईना. सर्दी म्हणे. धाकट्या भावाची गोष्ट आली की ह्यांचं नाक एरवीही बंदच असतं.

२५ ऑक्टो.
बोलून बसले. जाऊ तुळशीला पाणी घालत होती. म्हटलं, "झाड मारून रस्ता होईल, पण पाप फिटायचं नाही हो." ती तांब्या तिथेच ठेवून आत गेली. दुपारी व.भावजींनी मधलं फाटक लावून घेतलं. ते आजवर कधी लागलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं.

२ नोव्हेंबर
रत्नागिरीहून आंब्यातले एक जाणकार आणले. खोडाला भोक, खाली भुसा. "खोडकिडा असू शकतो. बुरशी असू शकते."
"आणि कुणी काही ओतलं असेल तर?"
"तेही असू शकतं."
सगळ्याला मान हलवणारा माणूस. चहा मात्र दोनदा घेतला.

९ नोव्हें.
देवळात कौल लावला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, देवाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर भावजींनी केलं, डावी पडली तर नाही. दीड तास बसले. एकही पडेना. गुरव म्हणाला, "वैनी, देव आज बोलत नाय. घरी जा तुमी."
म्हटलं, पाकळ्या जास्त ओल्या केल्यास तू.
"मग तुमीच लावा," म्हणाला.
भावजींनी गुरवालाही आधीच गाठलं की काय, असं खरोखर मनात आलं. लिहिताना लाज वाटते. तरी आलं.

१६ नोव्हें.
मुग्धाचा साखरपुडा ठरला, पुढच्या रविवारी. भावजींची मुलगी, पण चौथीपर्यंत माझ्या हातून जेवलेली. मला शेजारणीकडून कळलं. आमंत्रण नाही. मोरीत जाऊन रडले. हे पेपर वाचत होते, किंवा तसं दाखवत होते.

१८ नोव्हें.
आज भलतंच. गंगाराम गडी फवारणीचं विचारायला आला. बोलता बोलता हे म्हणाले, "श्रावणात दारातल्या कलमाला मोहोराचं औषध मीच घातलं, मुळाशी."
गंगाराम म्हणाला, "पन आन्ना, मी आदीच घातलेलं. वैनीच बोलल्या ना, घाल म्हनून."
म्हणजे दोनदा. एका घरात राहून एकमेकांना सांगायचं नाही, ही आमची जुनी खोड.
जाणकारांना फोन केला. "दुप्पट औषधाने एवढं मोठं कलम मरेलच असं नाही."
म्हणजे नाही मरत?
"तसंही सांगता येत नाही."
मला हायसं वाटायला हवं होतं, कारण निदान भावजी तरी सुटले. पण सुटले का? वास मला आला होता. आला होता ना…

२१ नोव्हें.
गेले फाटक ढकलून. भावजी ओटीवर सुपारी कातरत होते. औषधाचं सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, मग म्हणाले, "वहिनी, मी काही केलं नाही म्हटलं तर पटेल तुम्हाला?"
पटेल म्हणायलाच गेले होते. तोंडून निघालं, "माहीत नाही."
म्हणाले, "दादाने दोनदा औषध घातलं म्हणून मेलं, हे पटतं?"
"तेही माहीत नाही."
भावजींनी अडकित्ता खाली ठेवला. आत हाक मारली, "चहा ठेव गं, वहिनी आल्यायत." रागाने म्हणाले की मनापासून, कळलं नाही. जाऊ चहा ठेवून गेली. मुग्धा बाहेर आली, माझ्याजवळ बसली. "काकू, रविवारी साडी तू नेसवशील ना?"
हो म्हटलं.
संशय गेलेला नाही. त्याला घरी ठेवून जाता येईल असंही दिसत नाही. तो घेऊनच जाईन, निऱ्या मात्र नीट घालीन.