सहीच्या वरचं वाक्य

चेन्नई, ९ एप्रिल

ति. पूंगोडी अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

अम्माचं लिंबाचं लोणचं पोचलं. तुझ्या वाट्याची बरणीही मीच संपवतो आहे. डोंगरावर पाठवायची सोय नव्हती, असं सांगेन तिला.

आता कडू बातमी. सरकारी डॉक्टरांच्या राखीव जागांतून तुला पदव्युत्तर प्रसूतिशास्त्राला प्रवेश मिळाला, याचा आनंद आहेच. पण त्या राखीव जागांविरुद्ध आम्ही काही खासगी डॉक्टरांनी उच्च न्यायालयात याचिका केली आहे. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. माझे गुण तुझ्याहून जास्त, तरी मी बाहेर! भांडण सरकारशी आहे, तुझ्याशी नाही. अप्पांना अजून सांगायचं धाडस झालेलं नाही.

तुझ्या शिव्यांची वाट पाहणारा,
मारन

*

कोल्ली डोंगर, २१ एप्रिल

चि. मारन यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसले. गुण तुझे जास्त, कबूल. तू अभ्यासिकेत बसला होतास तेव्हा मी इथल्या सरकारी आरोग्य केंद्रात साप चावलेली माणसं वाचवत होते. तरी म्हटलं, लढू दे, न्यायालय सगळ्यांसाठी असतं.

मग आमच्या सरकारी डॉक्टरांच्या संघटनेकडून तुमच्या याचिकेची प्रत आली. दुर्गम केंद्रांतले डॉक्टर हजेरीपुरते येतात, तिथे करण्यासारखं काम नसतं, असं त्यात लिहिलंय. खाली तुझी सही. तंबी, माझ्या धाकट्या भावा, ती सही मी पुन्हा पुन्हा पाहिली.

पोंगलच्या सणाला मला घरी न्यायला तूच आला होतास ना? त्याच दिवशी केंद्रात आलेल्या पोन्नीचं बाळ आडवं आलेलं. इथे ना भूल देणारं कोणी, ना रक्त. रुग्णवाहिका दुसऱ्याला घेऊन खाली गेलेली. घाटातून जीपने नेताना पोन्नीचं डोकं तुझ्या मांडीवर होतं. खाली नामक्कलच्या मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत बाळ गेलं. तिथल्या पायरीवर बसून तू रडलास आणि मला म्हणालास की अक्का, तू हे शीक, म्हणजे कुणाला खाली न्यायला नको. ते काम नव्हतं का रे?

जेवणाची आबाळ करू नकोस. एवढं मात्र अजून लिहावंसं वाटतं.

तुझी,
पूंगोडी

*

चेन्नई, ६ मे

ति. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

ते वाक्य वकिलांचं. मी न वाचता सही केली. तुझं पत्र आल्यावर ते काढा म्हणून गेलोही होतो. ते म्हणाले, काढलं तर याचिकेत उरतं काय? मी गप्प बसलो.

काल निकाल लागला. राखीव जागा रद्द, तुझा प्रवेशही. आज प्रसूतिशास्त्राची जागा मला मिळाली. निकालासाठी इथे आलेल्या अम्माने गोडाचं पायसम केलं. अप्पा ताटावरून उठले. मामांनी त्यांच्या नर्सिंग होममध्ये आतापासूनच माझ्या नावाची खोली ठेवली आहे.

मला झोप नाही. तू म्हण, मी ही जागा सोडतो.

राग धर, पण उत्तर दे.
मारन

*

कोल्ली डोंगर, १७ मे

चि. मारन यास,
आशीर्वाद.

सोडतो म्हणे! तू सोडलीस तर ती गुणांत तुझ्या मागे असलेल्या माणसाला जाईल, मला नाही. तुला हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर एवढं उदार व्हायला जमलं. नाटक पुरे. शीक, आणि नीट शीक.

काल आरोग्य खात्याचे साहेब आले होते. पुढच्या वर्षी प्रवेशाला दुर्गम भागाचे जादा गुण मिळतील, म्हणाले. चौकशी केली तर दुर्गम गावांच्या यादीत आमचा डोंगरच नाही! साहेबांच्या मेहुण्याचं हमरस्त्यावरचं गाव मात्र आहे. त्यांना कॉफी दिली आणि हात साबणाने धुतले.

तू जिंकलास याची मला किळस नाही. खोटं आहे हे कळल्यावरही गप्प बसलास, याची आहे. साहेब परके तरी आहेत. तू माझ्या पाठचा.

आमची संघटना दिल्लीला अपिलात जाते आहे. मी प्रतिज्ञापत्र दिलं. पोन्नीला खाली नेताना जीपमध्ये कोण होतं तेही त्यात आहे, तुझ्या पूर्ण नावासकट. विचारणा झाली तर खरं लिहून दे, नाहीतर मला खोटी ठरव. यावेळी वाचून सही कर.

लोभ आहे म्हणून एवढं लिहिलं. तो असाच राहील, असं मात्र धरून चालू नये.

पूंगोडी