पाठमोऱ्याचा चेहरा

३ मार्च

आज अकराशे फ्रेम झाल्या. अजून नऊशे.

दादाच्या व्हिडिओत दोनच माणसं — दादा आणि 'तो'. रिकामी खोली, उघडी अंगं, झोंबाझोंबी. एकमेकांना आपटतात, चावतात, मग त्याच हातांनी कुरवाळतात. मारणं कुठे संपतं ते मला फ्रेम थांबवूनही सापडत नाही. दादा म्हणतो, "तेच दाखवायचंय, इंजिनीअरीणबाई! पुरुषानं पुरुषाला हात लावायचा तो मारायलाच, एवढंच शिकवलं आम्हाला."

'त्या'ची अट एकच — चेहरा दिसता कामा नये. तो वळला की सॉफ्टवेअर चुकतं, म्हणून एकेक फ्रेम हातानं झाकतेय. त्याला कधी भेटले नाही, नाव माहीत नाही. मी त्याला पाठमोरा म्हणते.

आई मागून डोकावली — "यात बाई कधी येते रे?" दादा — "ही काय, कॉम्प्युटरपुढे बसलीय!"

९ मार्च

चूक झाली. माझी.

कलादालनात प्रोजेक्टर लावत होते. झाकलेली प्रत तयार व्हायची होती, म्हणून फोकस बघायला मूळ प्रत लावली. पडदा पातळ; चित्र दोन्ही बाजूंनी दिसतं. पलीकडे रस्त्याकडची काच. तिला आधी काळा कागद लावायचा असतो. आधी! मी फोकस करत बसले. सहा मिनिटं. बाहेर दहा-बारा माणसं, हातात मोबाईल.

१० मार्च

क्लिप सगळीकडे फिरतेय. दादा दिवसभर दार लावून पाठमोऱ्याशी फोनवर. जेवताना एवढंच म्हणाला, "कामावरचे त्याला विचारताहेत, हा तूच ना? नाही म्हणून भागत नाहीये."

मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१२ मार्च

सकाळी अकरा, कलादालनात. सात जण, तोंडाला रुमाल, हातात लोखंडी नळ्या. आधी प्रोजेक्टर, मग दादा. "बायल्या, कर की आता प्रेम!" जबड्यावर नळी बसली त्याचा आवाज ओला होता. पडल्यावरही थांबले नाहीत. लाथा. दात माझ्या पायापर्यंत घरंगळत आला. मी पडद्यामागे. हलले नाही.

१३ मार्च

दादाचा डावा डोळा गेला.

१५ मार्च

इन्स्पेक्टरांनी सीसीटीव्ही दाखवलं. "रुमालाआडचं कोण ओळखणार, मॅडम?"

मी ओळखलं. चौथा. वळताना उजवा खांदा आधी उचलतो, मग मान. ती मान मी दोन हजार वेळा बघितलीय. डोळ्यावरचा घाव त्याचाच.

तीनदा तपासलं. मग मूळ प्रत दिली, चेहरा कुठे स्पष्ट दिसतो ती वेळ सेकंदासकट लिहून. सही केली.

१६ मार्च

इन्स्पेक्टरांचा फोन. पाठमोऱ्याला कामावरूनच उचललं. कशावरून ओळखला, ते सगळ्यांसमोर सांगून. "गाडीपर्यंत नेईतो त्याच्याच कामावरच्या माणसांनी तुडवला हो. बरगड्या गेल्या."

मी "बरं" म्हणाले.

१७ मार्च

दादाचा जबडा तारांनी बांधलाय. त्याला सांगितलं, चौथा कोण ते मी दिलं. त्यानं कागद ओढला. अक्षर वाकडंतिकडं —

"मीच ये म्हणालो होतो त्याला. सगळ्यांदेखत मार, म्हणजे सुटशील."