जहाजाच्या दारातून "येतो"

माय, तुले आणि बाबाले जय भीम.

मी मजेत आहे. पोटभर जेवतो, झोपही लागते. धानाची रोवणी आटोपली का? बाबाचा गुडघा कसा आहे?

आमचं जहाज मोठं, लहान बंदरात जात नाही. ते समुद्रातच उभं राहते आणि लोकांले लहान बोटीनं किनाऱ्यावर नेतात. आज आपल्या नागपूरच्या महाल भागातल्या मंडळींनी स्वतःपुरती वेगळी सहल घेतली होती. मले मराठी येते म्हणून दारात हात द्याले उभं केलं. मी बोटीत बसत नाही, तू भिऊ नको.

एकेक बाई बोटीत पाय टाकायच्या आधी मागं वळून म्हणे, "येतो बरं." बोटीत फिलिपिन्सचा मारियो होता. त्यानं याचा अर्थ विचारला. मी इंग्रजीत सांगितलं, "येऊन राहिलो."

शेवटी म्हाताऱ्या पार्वतीबाई राहिल्या. लाट पाहून त्या दाराजवळच्या खुर्चीवरच बसल्या. मारियोले वाटलं, बोलवाले असंच म्हणतात. त्यानं दोन्ही हात पुढं केले आणि म्हणे, "येतो, येतो."

"हा कुठं चालला गा?" त्या हसल्या अन् उठल्या. पण माझा हात काही सोडेनात. मग मलेही बोटीत उतरावं लागलं. बोट जराशी हालली, बाकी काही नाही. लाइफ जॅकेट घातलं होतं.

बोटीत उतरताना मागं वळून मीही "येतो" म्हटलं. दारात तर कोणीच नव्हतं. तुलेच म्हटलं असंन वं माय.

तुझा प्रेमानंद