साडेतीनचा भोंगा

१७ जून १९८२, गुरुवार

कंपन्यांना गुरुवारची सुट्टी, म्हणून समितीची बैठक आज. शाळा सुटल्यावर, माझ्याच वर्गात. पुढारी चौथीच्या बाकांवर, गुडघे पोटाशी घेऊन. थेरगावचे शेलार अण्णा, सत्तेच्या पक्षाचे, नगरपालिकेत निवडून आलेले. साळवी, लाल बावट्याचे, युनियनवाले. जोशीसर विरोधी पक्षाचे, निवृत्त हेडमास्तर. त्यांना बाकावर बसायची सवय नाही, उभेच राहिले. निळ्या झेंड्यातर्फे मी, कारण वस्तीतल्या बाप्यांना सुट्टीच्या दिवशी झोप प्यारी.

काम एवढंच. अणुबॉम्ब जगात कुणाकडेच नको, असं चार पक्षांच्या सह्यांचं पत्रक काढायचं.

अण्णा म्हणाले, "बॉम्ब नको म्हनायला कुनाची ना हाय बाई? धा मिनिटांत उरकू."

अंधार पडेपर्यंत बसलो. एक वाक्य झालं नाही. फळा मात्र चारदा पुसला.

१ जुलै, गुरुवार

तिसरी बैठक. साळवींचं म्हणणं, अमेरिकेचं नाव घाला, रशियाचं नको, त्यांनी नाइलाजानं केला. जोशीसरांचं म्हणणं, चीनचं नाव पहिलं, नाहीतर सही नाही. अण्णांना सगळ्यांची नावं चालतात, फक्त आपल्या सरकारनं राजस्थानात केला तेवढा सोडून. "त्यो शांततेचा स्फोट हुता. त्याला बॉम्ब म्हनायचं न्हाई."

मी म्हटलं, म्हणजे प्रत्येकाचा एकेक लाडका आहे आणि बाकीचे तेवढे नकोत.

कुणी हसलं नाही. साळवींनी विडी पेटवली, तीही 'स्वच्छता' या तक्त्याखाली बसून.

लाडका म्हटलं आणि मलाच माझा धाकटा भाऊ मधू आठवला. घरी येईपर्यंत तोच डोक्यात.

३ जुलै

आठ वर्षं झाली. राजस्थानातल्या स्फोटानंतर मधू मुंबईहून पेढे घेऊन आला होता. अणूच्या कामावरचा इंजिनियर, आमच्या अख्ख्या चाळीतला पहिला. दारातूनच "ताई, ताई" करत आला. बॉक्स बुद्धाच्या तसबिरीपुढं ठेवला. बाबांनी तो उचलला आणि उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवला. म्हणाले, "हे हितं न्हाई."

मधू म्हणाला, "तुमच्याच ओव्हरटाइमवर शिकलो, बाबा." बॉक्स उचलला, चपला घातल्या, गेला. त्यानंतर या घरात त्याचा पाय नाही.

मला पत्रं येतात, शाळेच्या पत्त्यावर. बाबा विचारत नाहीत. पण टपालवाल्याच्या सायकलची घंटा वाजली की माझ्याआधी दारात. एकाच मुशीतले दोघं. कोण आधी बोलणार, यातच एकाचे केस पिकले आणि दुसऱ्याचे गेले.

आज बाबांनी पुन्हा तीनला चहा मागितला. कंपनीनं दुसऱ्या पाळीचा भोंगा तीनचा साडेतीन केला, त्याला पाच-सहा वर्षं झाली. बाबा तेव्हा कामावरच होते. नंतर रिटायर झाले, पण पोट अजून जुन्या भोंग्यावर. म्हणतात, "साडेतीनचा त्यांचा. माझा तीनचा."

८ जुलै, गुरुवार

झालं एकदाचं. तेही अण्णांमुळे. मी त्यांना नुसतं सफेद टोपीचं माणूस समजत होते.

साळवी आणि जोशीसर हातघाईवर आलेले. अण्णा म्हणाले, "आमच्याकडं दोन भावांचं बांधावरनं वाजलं, तर धा-धा वर्सं बोलत न्हाईत. पन मयताला दोघंबी येत्यात, एका जागी उभं ऱ्हात्यात. त्याला काय शब्द लागत न्हाईत."

मग ठरलं. पत्रकात निषेधाचा मजकूर नाही, कुठल्याच देशाचं नाव नाही. हिरोशिमाच्या दिवशी सगळ्या गेटांवर सगळ्या पक्षांची माणसं दोन मिनिटं गप्प उभी राहणार. जोशीसरांना सकाळची वेळ हवी होती, बॉम्ब सकाळी पडला म्हणून. साळवी म्हणाले, "सकाळी माणूस मशिनीवर असतो हो. दुपारच्या भोंग्याला सुटणारे नि जाणारे, दोन्ही पाळ्या गेटवर मिळतात."

चार माना एकदम हलल्या. महिन्यात पहिल्यांदा.

भावांचं ऐकताना मी फळ्याकडं बघत बसले. डोळे भरले होते.

१६ जुलै

पत्रकं छापून आली. "६ ऑगस्ट. दुपारी भोंगा झाला की दोन मिनिटं स्तब्ध उभे राहा. बॉम्बमुक्त जगासाठी." खाली चौघांची नावं. माझं शेवटी, पण आहे.

एक मधूला पाठवलं. बरोबर लिहिलं की समिती तुला बोलवायचं म्हणतेय, अणूतलं जाणणारा आपला माणूस म्हणून. ते खरंच आहे, जोशीसर परवा तसं म्हणाले होते. पण जोशीसर म्हणाले नसते तरी मी लिहिलंच असतं. खालच्या मेडिकलवाल्या शहांचा फोन नंबरही दिला.

मला जग निःशस्त्र व्हायला हवं आहे. पण आधी मधू घरी यायला हवा आहे. समितीत हे बोलता येत नाही, म्हणून इथं.

२२ जुलै, गुरुवार

आमची अक्कल. साळवी हसत हसत आले, हातात पत्रक. "बाई, भोंगा म्हणजे कुणाचा?"

खरंच की. एका कंपनीचा तीनला, एकीचा सव्वातीनला, आमच्या रस्त्यावरचा साडेतीनला, भोसरीकडे आणखी वेगळा. चौघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. जन्म एकेका भोंग्याखाली गेलेला, जो तो समजतो जगात भोंगा एकच. जोशीसरांना कंपनी माहीत नाही, पण घर भोंग्याखालीच.

दुसरी पत्रकं काढायची का? अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. ज्यानं त्यानं आपापल्या भोंग्याला उभं ऱ्हायचं."

जोशीसर चिडले, शांततेत शिस्त हवी म्हणाले. सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि चहा सांगितला.

२९ जुलै

मधूचं पत्र. छोटंच.

"ताई, मला भाषण करता यायचं नाही, नोकरीचे नियम आहेत. आणि करता आलं असतं तरी काय बोललो असतो, कळत नाही. मी पंप सांभाळतो गं. थंड पाण्याचे. आठ वर्षांत बाबांना एवढंही सांगता आलं नाही. मात्र उभं राहायला कुणाची मनाई नाही. बाबा उभे राहणार का?"

येतो, असं कुठंच नाही. उलट-सुलट करून पाहिलं. पाठकोऱ्या बाजूलाही नाही.

संध्याकाळी बाबांना म्हटलं, सहा तारखेला गेटवर चला. माझ्याकडं न बघता म्हणाले, "जायाला पायजे. सगळीच जात्यात." मग, "मधू पंपावर असंल अजून?"

म्हणजे माहीत होतं. कुणी सांगितलं, विचारलं नाही. माझी पत्रं मी पत्र्याच्या पेटीत ठेवते. पेटीला कुलूप नाही.

५ ऑगस्ट, गुरुवार

शेवटची बैठक. अण्णा म्हणाले त्यांच्या पक्षाचे वरचे नाराज आहेत, लाल बावट्याबरोबर उभं राहू नका म्हणतात. साळवी म्हणाले त्यांचेही तेच. जोशीसरांना तर पत्रच आलंय. मी म्हटलं, आमच्याकडं नाराज व्हायला वरचं कुणी उरलंच नाही, चार तुकडे झालेत. यावर मात्र तिघे मनापासून हसले.

उद्या येणार का, हे एकमेकांना कुणी विचारलं नाही.

बाबांनी कंपनीच्या जुन्या खाकी शर्टाला इस्त्री करून घेतली.

६ ऑगस्ट, शुक्रवार

दुपारची रजा घेतली. बाबा जेवून तयार. शर्ट घातलेला, वरचं बटणसुद्धा लावलेलं. सव्वातीनला निघायचं ठरलं होतं.

तीनला त्यांचा चहा ओतत होते तर खालून शहांची हाक, "बेन, मुंबईचा कॉल."

कप तसाच ठेवून धावले. बाबा मागोमाग, भिंत धरत.

"हॅलो, मधू?" उत्तर नाही. "मधू, ताई बोलतेय." नाही. लाइन चालू होती. तिकडं पंखा फिरत होता, कुणीतरी श्वास घेत होतं. मला रागच आला. आठ वर्षांनी फोन करायचा आणि तोंड उघडायचं नाही.

मग शहांच्या भिंतीवरचं घड्याळ दिसलं आणि कळलं. मधूच्या लेखी बाबांचा भोंगा आता झाला होता. तो बदलल्याचं त्याला कोण सांगणार? मीही पत्रात नुसतं भोंगा म्हटलं होतं. तिकडं तो रिसीव्हर कानाला लावून उभा होता, आमच्याबरोबर.

बाबांच्या हातात फोन दिला. "मधू आहे. बोलू नका, तो उभा आहे."

बाबांनी काउंटरवरचा हात काढला आणि ताठ उभे राहिले. शहांनी गिऱ्हाइकाला हातानंच थांबवलं.

ऑपरेटरचा आवाज मलासुद्धा ऐकू आला, "तीन मिनिटं झाली. वाढवायचं का?"

कॉल मधूचा. पण बाबाच म्हणाले, "वाढवा."

तिकडून "बाबा, मी" एवढं आलं आणि लाइन गेली. ऑपरेटर म्हणाला, पुन्हा लावतो, जवळच थांबा.

शहांनी स्टूल दिलं. बाबा बसले, हात फोनवर. बसलो तसेच. साडेतीन झाले आणि आमचा भोंगा वाजला.

रस्ता थांबला. सायकलवाले एक पाय जमिनीला लावून उभे. गेटाशी अण्णांची टोपी दिसली, शेजारी साळवी, त्यांच्या शेजारी जोशीसर. तिघेही आले होते. मी उठले. शहा गोळ्यांची पट्टी हातात घेऊन उभे राहिले. मी बाबांना खूण केली, उठा.

बाबांनी मानेनंच नाही म्हटलं. हळूच म्हणाले, "माझं उभं ऱ्हाऊन झालं. आता बोलायचं हाय."

दोन मिनिटं संपली, सायकली निघाल्या. थोड्या वेळानं लांबच्या कुठल्या तरी कंपनीचा भोंगा ऐकू आला. तिकडची माणसं आता उभी असतील.

हे शहांच्या कोऱ्या बिलावर लिहितेय, घरी गेल्यावर वहीत चिकटवीन. फोन अजून वाजलेला नाही. बाबांनी चहा इथंच मागवलाय.