शुन्पेईच्या चेंडूचा आवाज

जळतो म्हणे! काका, यंदा तुमची तीन पत्रं आली आणि तिन्हींत हाच शब्द. मागच्या पत्रात तर त्याच्याखाली दोन रेघा ओढल्यात, आणि दुसरी ओढताना कागद फाटला. मी काय लिहिलं होतं? शुन्पेई अजून एकोणीस वर्षांचा आहे, त्याच्या जिवावर आत्ताच काही ठरवू नका, एवढंच. ह्यात जळण्यासारखं काय होतं ते मला दाखवा. तुमच्या मुलाला बेसबॉलच्या क्लबने निवडलं म्हणून मी जळायचं, तर सहा वर्षांपूर्वी मलाही निवडलंच होतं की! असंच यादीच्या शेपटाला, असाच पाठीवर तीन आकडी नंबर चिकटवून (दोन आकडीवाले खरे खेळाडू, तीन आकडीवाले म्हणजे तीन वर्षं बघू, वाढला तर वाढला). तेव्हा घरावर पताका लावायला शिडीवर तुम्हीच चढला होतात आणि खाली उतरून काकूला म्हणाला होतात, "हा काही टिकत नाही." मी पडवीत बूट घालत होतो. ऐकलं. तुमचं खरं झालं. मी कधी एका शब्दाने बोललो?

नमस्कार राहिला. शाळेत पत्र कसं लिहायचं ते शिकवत होते तेव्हा मी शेवटच्या बाकावर झोपलेला असायचो (सराव पहाटे पाचला), त्यामुळे आधी ऋतू, मग तब्येत, मग काम, हा क्रम मला कधी जमला नाही. आता मांडतो. ऋतू: ऑक्टोबर लागला तरी इकडे उकडतंय. तब्येत: तुमची कंबर कशी आहे? काकूचे गुडघे? खाडीचं पाणी थंड व्हायला लागलं का? उन्हाळ्यात पाणी तापून खाडीत सोडलेल्या अर्ध्या दोऱ्यांवर वाढवलेले शिंपले मेले हे काकूकडून फोनवर कळलं. तुम्ही त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीत. तुम्ही लिहिता फक्त शुन्पेईबद्दल. आणि काम: तुम्हाला एका शब्दात उत्तर हवंय. पोरगं टिकणार की नाही? कारण महिनाअखेर बोट यागिहाशीच्या ताब्यात द्यायची आहे, इसार घेऊन झालाय, आणि पुढे सगळं शुन्पेईच्या हातावर.

एका शब्दात! काका, ह्या एका शब्दासाठी इथे अकरा माणसं पगार घेतात आणि त्यांचंही जमत नाही. ज्या म्हाताऱ्याने शुन्पेईला हेरलं त्याचंच घ्या. तो तुमच्याकडे आला तेव्हा तीन वेळा चहा मागितला म्हणून काकूला कौतुक वाटलं होतं. चहाबिहा काही नाही. काकूला तीनदा उभं करून तिची उंची बघत होता. मग देवघरापुढे बसून आजोबांच्या फोटोला हात जोडले आणि तुमचे डोळे भरून आले. हात जोडून तो आजोबांचे खांदे मोजत होता. त्याच्या वहीतलं पान मी स्वतः पाहिलंय: "आई उंच. आजोबांचे खांदे भक्कम. हाड अजून भरेल." आता मला सांगा, आजोबांनी फोटोत जो कोट घातलाय तो कोणाचा? पोस्टमास्तरांचा. दोन मापं मोठा. म्हणजे शुन्पेईच्या अंगात जे भरणार आहे ते पोस्टमास्तरांच्या शिंप्याचं. तुम्हाला हे माहीत होतं आणि तुम्ही गप्प बसलात. मीही बसलो असतो.

इथे आल्यावर शुन्पेई मुराओका कोचच्या हाती लागला. मुराओकांचा विश्वास भातावर. रात्रीच्या जेवणाला नव्या पोराने किती वाट्या भात खाल्ला ते ते भिंतीवरच्या तक्त्यात लिहितात. शुन्पेईचं पहिल्या महिन्याचं भविष्य उज्ज्वल होतं, रोज पाच वाट्या. त्यातल्या दोन मी खात होतो. तो माझ्या शेजारी बसायचा आणि मुराओकांनी मान वळवली की माझ्या वाटीत ओतायचा. एप्रिलपर्यंत माझं वजन चार किलो वाढलं आणि त्याच्या नावापुढे लिहिलं गेलं: "भूक उत्तम, लांबचा घोडा." (माझ्या नावापुढे कोणी काही लिहीत नाही. माझं नाव तक्त्यात नसतं.)

मग जूनमध्ये तो डाव्या हाताने जेवायला लागला. मुराओकांनी विचारलं, हे काय नवीन? हा म्हणाला, "सर, दोन्ही हात सारखे करतोय." मुराओका इतके खूश झाले की सगळ्यांना उभं करून भाषण केलं. म्हणाले, ह्याला म्हणतात भूक, जो जेवतानाही सराव करतो तोच वर जातो! दुसऱ्या दिवशी नव्यांपैकी पाच जण डाव्या हातात जेवायच्या काड्या धरून बसले. काका, तुम्ही असायला हवे होतात. आमटीत भात, मांडीवर मासा, एकाने तर लोणचं शेजारच्याच्या कानावर उडवलं. आठवडाभर खानावळीच्या मावशी ओरडत होत्या, "अरे, ही क्लबची पोरं की पाळणाघर?" तक्त्यात शुन्पेईपुढे लिहिलं गेलं: "जिद्द अपवादात्मक." मीही हसत होतो. पण तो शेजारी बसतो म्हणून मला दिसत होतं की उजवा हात टेबलाखाली मांडीवर ठेवलेला आहे आणि तो कोपरात पुरता वाकत नाही.

आता माझं काम काय ते तुम्हाला नीट सांगतो, कारण गावात तुम्ही सांगता "क्लबमध्ये असतो" आणि पुढचं खोकून घालवता. मी सरावातला कॅचर. सामन्यात नाही, कुंपणाच्या आतल्या पट्टीवर गुडघे मोडून बसायचं, पिचर लोकांचे दिवसाला दोनशे चेंडू झेलायचे आणि प्रत्येकाला "वा! जबरदस्त!" ओरडायचं. पण ह्यातली खरी कारागिरी आवाजात आहे. चेंडू तळव्यावर घेतला तर फट् असा मेलेला आवाज येतो. तोच बोटांच्या मुळाशी, खोबणीत घेतला आणि त्याच क्षणी मनगट अर्धा इंच पुढे दिलं, तर बंदुकीसारखा धाड आवाज निघतो. पिचरला वाटतं, आज आपण वाघ आहोत. छाती फुगते, पुढचा चेंडू खरोखरच जरा जोरात येतो. त्यासाठीच मला ठेवलंय. मला इथे ढोलवाला म्हणतात. मोठमोठे खेळाडू दुखापतीतून उठल्यावर आधी मला शोधतात: "ढोलवाल्या, चल, जरा वाजव." मी कोणाचाही चेंडू वाजवू शकतो. मुराओकांच्या बायकोचाही वाजवीन.

आणि मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही आलात. कुंपणाबाहेर उभे राहिलात, लग्नाला घालता तो कोट घालून. शुन्पेईने चाळीस चेंडू टाकले आणि चाळीसच्या चाळीस धडाडले. शेजारच्या अनोळखी माणसाने तुम्हाला विचारलं, "कोण हो हा पोरगा?" तुम्ही म्हणालात, "माझा." मी मुखवट्यातून बघत होतो. नऊ वर्षं मी तुमच्या घरी जेवलो, पण तुम्हाला तसं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. जाताना तुम्ही मला म्हणालात, आवाज ऐकलास? बोट विकतो आता. मी म्हणालो, काका, घाई नको. तेव्हापासून मी जळतो.

काका, तो आवाज माझा होता.

हे आधी का सांगितलं नाही असं विचाराल. कोणाला सांगायचं? आवाज काढायचा मला पगार आहे. त्याचे चेंडू मार्चपासूनच उतरायला लागले होते. वेग मोजायच्या यंत्रावर आकडा तोच, ताशी १४६, १४७ किलोमीटर. पण हाताला कळतं, चेंडू येतो तेव्हा शेवटच्या हातभर अंतरात जीव सोडतो. मी तसतसं मनगट जास्त देत गेलो. तो उतरत गेला, मी चढवत गेलो, आणि पट्टीवर सगळं होतं तसंच ऐकू येत राहिलं. मुराओका लिहीत राहिले, तुम्ही ऐकत राहिलात, आणि शुन्पेईलाही वाटत राहिलं की कोपर दुखलं तरी चेंडू जातोय ना, मग ठीक आहे.

गेल्या महिन्यात तुमचं इसाराचं पत्र आलं. दुसऱ्या दिवशी मी त्याचा पहिला चेंडू जसा आला तसा घेतला. फट्. तो थांबला. पुढे येऊन म्हणाला, "दादा, आज वाजलं नाही."

"नाही."

"ग्लोव्ह ओला आहे का?"

"कोरडा आहे."

त्याने माझ्या ग्लोव्हमध्ये डोकावून बघितलं, जसं काही त्यात कोणी बसलंय. मग म्हणाला, अजून एक टाकू? टाकला. फट्. तिसरा टाकलाच नाही. तिथेच मातीत बसला आणि पहिल्यांदा उजवा हात सगळ्यांसमोर डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला. म्हणाला, "बाबांना सांगू नकोस. शिंपले मेलेत. आता त्यांच्याकडे मीच आहे." मी हो म्हणालो. हे पत्र म्हणजे त्या होचं काय झालं ते.

डॉक्टरांकडे मीच घेऊन गेलो. कोपरातला स्नायुबंध फाटलाय. शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात, खर्च क्लबचा. त्यानंतर सव्वा-दीड वर्ष चेंडू नाही, आणि करार एकूण तीन वर्षांचा, त्यातलं एक आत्ताच संपत आलंय. मी विचारलं, पुन्हा फेकेल ना? डॉक्टर म्हणाले, दहातले आठ जण फेकतात. मी विचारलं, आधीसारखं? त्यांनी पेनाचं टोपण लावून पेन खिशात ठेवलं.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. टिकेल का? माहीत नाही. दोन शब्द झाले, माफ करा. काकूला नमस्कार, आणि हे तिला वाचून दाखवताना डॉक्टरांचा भाग हळू वाचा.

तुमचा,
कात्सुमी

ता. क. बोट देऊ नका. एवढंच लिहायला बसलो होतो. बाकीचं हात लांबत गेल्यामुळे झालं. पोरगा शस्त्रक्रियेनंतर गावी येईल तेव्हा त्याला उजवा हात गळ्यात अडकवून बसायला जागा लागेल, आणि तुम्हाला त्याच्याकडे न बघता करण्यासारखं काहीतरी काम लागेल. अर्ध्या दोऱ्या मेल्या म्हणजे अर्ध्या जिवंत आहेत.

ता. क. दुसरा. काल रात्रीपासून पाकीट उघडंच ठेवलंय, कारण वर एक खोटं आहे. जानेवारीत शुन्पेई आला त्या दिवशी त्याने मला पहिला चेंडू टाकला. थंडीने माझे हात आखडले होते, मी मनगट हलवलंसुद्धा नाही, आणि ग्लोव्ह आपोआप धडाडला. सहा वर्षांत तसं कधी झालं नव्हतं. घरी येऊन हात बघितला, तळवा सुजला होता. तो खरा होता, काका. म्हाताऱ्याला कोटामुळे का होईना, बरोबर कळलं होतं. आणि मार्चमध्ये तो आवाज यायचा थांबला तेव्हा मी कोणालाही सांगू शकलो असतो. मुराओका दहा पावलांवर उभे असायचे. नाही सांगितलं. काम म्हणून नाही सांगितलं, असं वर लिहिलंय. पण रोज रात्री आठवून बघतो तेव्हा तुम्ही दोन रेघा मारलेला शब्द फार लांब उभा नसतो.

ता. क. तिसरा. सौदा आपण मोडला तर इसार दुप्पट परत करावा लागतो. यागिहाशी सोडणाऱ्यातला नाही. त्याचे दोन लाख तुमच्याकडे असतीलच (पताकांवर घातले नसतील तर). वरचा दंड मी भरतो. ट्रकच्या लायसन्ससाठी साठवत होतो, पण इथून पळून जायची तेवढी घाई आता राहिलेली नाही. दीड वर्षाने एकाचा पहिला चेंडू घ्यायचाय, आणि तेव्हा मनगट हलवणार नाही. अठरा हजार कमी पडतात, ते पुढच्या पगारातून देईन असं यागिहाशीला सांगा. तुम्ही परत पाठवू नका. आवाज माझा होता, तेव्हा दंडही माझाच. पोस्टातल्या बाईंसमोर दोनदा मोजून सोबत ठेवलेत: एक लाख ब्याऐंशी हजार येन.