आईची सही

बुवापाडा, अंबरनाथ
दि. २५ जुलै २००४

प्रिय महेंद्रदादा,
सप्रेम जय भीम.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. चाकणच्या खोलीवर तुझ्या जेवणाचं कसं चाललंय? डबा लावलास की अजून वडापाववरच? आईला काळजी आहे. तोंडाने विचारत नाही ती. भाकरी थापता थापता मध्येच म्हणते, "त्याला कांद्याची पात आवडायची." मग मी समजून घेते.

एक चांगली बातमी आहे. मला बदलापूरला फार्मसीला ॲडमिशन मिळाली. पहिल्या वर्षाची फीसुद्धा भरून झाली. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये आई ज्यांच्याकडे पॅन्टींचे धागे कापायला जाते ना, त्या सिंधी शेठने पांढऱ्या कोटाचं कापड फुकट दिलं. म्हणाला, "लडकी दवाई देगी, अपुन को डिस्काउंट मंगता." आई खूप दिवसांनी हसली.

फी कुठून आली, हे तू विचारणारच. सरकारी स्कॉलरशिपचा फॉर्म भरलाय, पण जातीच्या दाखल्याची पडताळणी अडकलीय. पप्पांच्या शाळेचा दाखला गावाहून आलेला नाही. कॉलेजवाले म्हणाले, आधी तुम्ही भरा, सरकारचे आले की परत देऊ. कुठून भरणार? मग मी कंपनीच्या ट्रस्टकडे अर्ज केला.

हो, पप्पांच्याच कंपनीच्या. पत्र फाडू नकोस दादा. पुढचं तुला कोर्टात कळण्याआधी माझ्याकडून कळायला हवं.

मुलाखतीला आनंदनगरला, कंपनीत, आई बरोबर आली. गेटातून आत जाताना तिने पदर नाकाला लावला. वास तसाच आहे. ट्रस्टचे साहेब गोड बोलले, चहा मागवला, माझे मार्क बघून "हुशार आहे मुलगी" म्हणाले. मग आईकडे वळले.

"जनाबाई, तुमच्या मुलाने आमच्यावर केस टाकलीय. वाद चालू असलेल्या घरी ट्रस्टला मदत देता येत नाही. एवढं लिहून द्या, म्हणजे मुलीचं काम होईल."

टाइप केलेला कागद तयारच होता. आई म्हणाली, "पायल, वाच."

मी वाचायला लागले. "माझे पती भीमराव यांना पूर्वीपासून हृदयविकाराचा त्रास होता. त्यांच्या मृत्यूशी कंपनीतल्या कामाचा काहीही संबंध नाही." तिथे मी वाचायची थांबले. पप्पा गेले त्या दुपारी तू कामावर होतास. शिफ्ट अर्धी टाकून आलेले पप्पा आम्ही दोघींनीच पाहिले. डोळे लाल, तोंडाला फेस. "टाकीचा पाइप फुटला गं, गॅस छातीत गेला," एवढं बोलून ते उंबऱ्यावरच बसले. रिक्षात माझ्या मांडीवर त्यांचं डोकं होतं.

"पुढं वाच," आई म्हणाली.

"आई, चल ना, जाऊ या."

"पुढं वाच म्हणते ना."

मी शेवटपर्यंत वाचलं. रात्रशाळेत शिकलेल्या मोठ्या मोठ्या अक्षरांत तिने सही केली. मी तिचा हात धरू शकले असते. नाही धरला. मला कॉलेजला जायचं होतं, दादा.

बाहेर आल्यावर मी रडायला लागले तर म्हणाली, "गेलेला माणूस कोर्ट परत देणार हाय का? तू शिक. गप."

मला वाटलं, तिने फक्त कागदापुरतं केलं. पण आता कुणी पप्पांचा विषय काढला की ती स्वतःच म्हणते, "त्यांना हार्टचा त्रास होता." परवा भांडी घासताना मलाही म्हणाली, "तुझ्या पप्पांना आधीपासूनच छातीत दुखायचं की. आठवतं ना?" दोन्ही हात राखेत, आणि डोळे असे माझ्यावर लावलेले, की मी म्हणाले, "हो आई, दुखायचं."

पप्पांना कधी साधा खोकलाही नव्हता. आता हे बोलायला घरात माझ्यासोबत कुणी नाही.

पुढच्या तारखेला कंपनीचा वकील तो कागद काढेल. तुझ्या वकिलांना आधीच सांगून ठेव. पप्पांची शेवटची वाक्यं ऐकणारी, तिच्याशिवाय मी एकटीच आहे. साक्षीला बोलावलंस तर येईन. खरं तेच सांगेन. ट्रस्टने पैसे परत मागितले तर कॉलेज सोडेन, तेही एक वेळ जमेल. पण भर कोर्टात मी माझ्या आईला खोटी पाडेन, आणि ती माझ्यासाठीच खोटं बोललीय. मला ठरवता येत नाही.

ठरवण्याआधी एकदा घरी ये. ती केस नको म्हणाली म्हणून जाताना तू तिला म्हणाला होतास, तुला पप्पांची किंमतच नाही. ते ती विसरलेली नाही. तिला काही विचारू नकोस, समजावूही नकोस. नुसता तिच्याशेजारी बसून जेव.

तू ठरवशील ते सोसायला तयार असलेली,
तुझी बहीण,
पायल